वाऱ्याचा मास्तर : पॉल ला कूर

पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग आहे. पाती फिरतात, गिअरबॉक्स वेग वाढवतो, जनरेटर वीज देतो, हे आपण व्हायव्हात धडाधड सांगतो. पण मित्रांनो, वारा कुणाच्या टाइमटेबलनं वाहत नाही. त्याच्या लहरीशी झुंजला तो डेन्मार्कचा एक मास्तर.

पॉल ला कूर यांचा जन्म १८४६ चा, शेतकरी घरातला. शिकले हवामानशास्त्र. तारयंत्रातल्या शोधांमुळे नावही झालं होतं. तरी १८७८ मध्ये ते आस्कोव्ह नावाच्या खेड्यातल्या लोकशाळेत फिजिक्स आणि गणित शिकवायला गेले. शहरात वीज येत होती, खेड्यांना कोण विचारतो? हा प्रश्न त्यांना छळत होता. (आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत करमाडसारख्या गावांनाही तो चांगलाच ठाऊक होता!)

१८९१ मध्ये सरकारी मदतीनं त्यांनी शाळेजवळ प्रायोगिक पवनचक्की उभारून तिला डायनॅमो जोडला. आता गंमत अशी, की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. म्हणजे डायनॅमो घटकेत मलूल, घटकेत पिसाळलेला. यावर त्यांनी वजन आणि पट्ट्यांचं एक साधं यंत्र बनवलं, 'क्रॅटोस्टॅट'. वारा कमीजास्त झाला तरी डायनॅमोला जोर सारखा मिळायचा.

आणि वारा पडला तर? त्यांनी विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला. १८९५ पासून सात वर्षं शाळेतले दिवे त्यावर जळले. गॅसमध्ये ऑक्सिजन मिसळून अधूनमधून स्फोट व्हायचे, खिडक्यांच्या काचा फुटायच्या. मास्तर काचा बदलून पुन्हा कामाला! आज ग्रीन हायड्रोजन म्हणून ज्याची चर्चा चालते, त्याचंच हे जुनं रूप. १९०२ पासून मात्र बॅटऱ्या आल्या आणि गावाला वीज मिळू लागली.

मधल्या काळात हवेच्या बोगद्यात पात्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं, की वीज करायला पुष्कळ पात्यांपेक्षा थोडी आणि वेगानं फिरणारी पाती बरी.

१९०४ मध्ये त्यांनी खेड्यातल्या पोरांसाठी इलेक्ट्रिशियनचा कोर्स काढला. १९०८ मध्ये ते गेले. १९१८ पर्यंत डेन्मार्कमध्ये सव्वाशेच्या आसपास ग्रामीण वीजकेंद्रांत पवनचक्क्या होत्या.

त्या कोर्सच्या सुरुवातीच्या पोरांत योहानेस यूल हाही होता. १९५७ मध्ये त्यानं गेडसरला तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की उभी केली. ती १९६७ पर्यंत चालली. वनकुसवड्याच्या चक्क्या तिच्याच घराण्यातल्या.