जोव्हानी बोकाचियो

जोव्हानी बोकाचियो (१३१३ – २१ डिसेंबर १३७५) हे इटालियन लेखक, कवी व विद्वान होते. दान्ते व पेत्रार्क यांच्यासह इटालियन साहित्याच्या आद्य श्रेष्ठ लेखकांत त्यांची गणना होते. ‘डेकॅमेरॉन’ हा शंभर कथांचा ग्रंथ ही त्यांची प्रमुख कृती असून, त्यातील शृंगारिक विनोदी कथा उत्कंठा वाढविण्याच्या कौशल्यासाठी ओळखल्या जातात.

जीवन

बोकाचियो हे फ्लॉरेन्समधील एका व्यापाऱ्याचे अनौरस पुत्र होते. १३२७ च्या सुमारास ते वडिलांसह नेपल्सला गेले. तेथे त्यांनी पेढीचे काम व नंतर चर्चच्या कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचा ओढा साहित्याकडे होता. १३४०–४१ च्या हिवाळ्यात ते फ्लॉरेन्सला परतले. १३४८ मध्ये प्लेगने त्या शहरात प्रचंड मनुष्यहानी केली. १३५० मध्ये त्यांची पेत्रार्क यांच्याशी भेट होऊन आजीवन मैत्री जडली.

डेकॅमेरॉन

या ग्रंथाची रचना साधारणपणे १३४९ ते १३५३ या काळात झाली. प्लेगमुळे शहर सोडून गेलेल्या सात तरुणी व तीन तरुण दहा दिवस रोज दहा कथा सांगतात, अशी त्याची चौकट आहे. सर्वच कथा शृंगारिक नाहीत. शोकान्त व उदात्त कथाही त्यात आहेत.

कथनतंत्र

प्रत्येक कथेच्या आरंभी तिचा सारांश दिलेला असतो. त्यामुळे ‘काय घडेल’ यापेक्षा ‘कसे घडेल’ याची उत्सुकता निर्माण होते. पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट वाचकाला आधीच सांगणे, हेही या तंत्राचे प्रमुख अंग आहे. नवव्या दिवसाच्या दुसऱ्या कथेत एका तरुण जोगिणीला प्रियकरासह पकडण्यासाठी मठाच्या प्रमुखेला रात्री उठवले जाते. स्वतः एका धर्मगुरूसोबत असलेली प्रमुखा अंधारात शिरोवस्त्र समजून त्याची विजार डोक्यावर घालते आणि तशीच सर्वांसमोर त्या जोगिणीची कठोर निर्भर्त्सना करते. विजारीच्या लोंबत्या नाड्यांकडे अपराधी जोगिणीची दृष्टी जाईपर्यंत कथा रेंगाळते. उपदेश जितका लांबतो, तितका विनोद वाढतो. सत्य उघड होताच प्रमुखेचा सूर बदलतो आणि जोगिणीची सुटका होते.

सातव्या दिवसाच्या दुसऱ्या कथेत पती अवेळी घरी परतल्याने पेरोनेला प्रियकराला रांजणात लपवते. पतीने तोच रांजण विकण्यासाठी गिऱ्हाईक आणलेले असते. तेव्हा आपण तो अधिक किमतीला विकला असून खरेदीदार आत उतरून तपासणी करत आहे, असे ती सांगते. हे कथाबीज अपुलेयस या प्राचीन रोमन लेखकाचे आहे. दोन्ही कथांत रस वर्णनाच्या उघडेपणापेक्षा उघडकीस येण्याच्या भयातून आणि प्रसंगावधानातून निर्माण होतो.

उत्तरायुष्य

१३६२ मध्ये एका संन्याशाकडून मृत्यू जवळ आल्याचा इशारा मिळाल्यावर बोकाचियो यांनी साहित्याचा त्याग करण्याचे ठरवले. पेत्रार्क यांनी पत्र लिहून त्यांना परावृत्त केले. १३७३ मधील एका पत्रात त्यांनी मित्राच्या घरातील स्त्रियांनी आपल्या अशा कथा वाचू नयेत, असे सुचवले. मात्र त्याच्या काही वर्षे आधी, १३७० च्या सुमारास, त्यांनी ‘डेकॅमेरॉन’ची प्रत स्वहस्ते पुन्हा लिहून काढली होती. ती बर्लिन येथे जतन केलेली आहे. १३७३ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स येथे दान्ते यांच्या काव्यावर जाहीर व्याख्याने दिली. चेर्ताल्दो येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव

१५५९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने ‘डेकॅमेरॉन’चा निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत समावेश केला. १५७३ मध्ये फ्लॉरेन्स येथे तिची संशोधित आवृत्ती निघाली. तीत शृंगारापेक्षा धर्मगुरूंच्या उपहासालाच अधिक कात्री लागली. १९७१ मध्ये पिएर पाओलो पासोलिनी यांनी या ग्रंथातील निवडक कथांवर चित्रपट काढला.