डेल्फ्टचा कापड दुकानदार

इ. स. १६७४. रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला ते हे साल. त्याच वर्षी दूर हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा एक कापड दुकानदार तळ्याच्या पाण्याचा थेंब भिंगातून न्याहाळीत बसला होता. त्या थेंबात त्याला वळवळणारे असंख्य बारीक जीव दिसले. त्या दुकानदाराचे नाव अँटनी व्हॅन लेव्हेनहूक.

त्याचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा. वडील टोपल्या विणीत. अँटनी लहान असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी त्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कापड दुकानात कामाला लावले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. लॅटिन येत नव्हते, आणि लॅटिन न येणाऱ्याला त्या काळी विद्वानांच्या पंगतीत पाट मिळत नसे. १६५४ मध्ये गावी परतून त्याने स्वतःचे दुकान थाटले. कापडाचे सूत पारखायला दुकानदार भिंग वापरीत. अँटनीला त्या भिंगाचेच वेड लागले. त्याने जन्मभर शेकडो भिंगे घासली. त्यांपैकी आज उरलेले एक भिंग वस्तू अडीचशे पटींहून मोठी दाखवते.

१६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहू लागला, तीही आपल्या मातृभाषेत. मिरे तिखट का लागतात, हे शोधायला त्याने ते पाण्यात भिजत घातले आणि त्या पाण्यातही जीव पाहिले. विद्वानांना ते खरे वाटेना. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने स्वतः तो प्रयोग करून पाहिला, तेव्हा कापडवाल्याचे म्हणणे खरे ठरले. १६८० मध्ये सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

मला मात्र सर्वांत मोठे वाटते ते त्याचे दातांवरचे काम. आपल्या आजोबांप्रमाणे तोही रोज मिठाने दात घाशी. तरी दातांच्या फटीत पांढरे कीटण साचे. १६८३ मध्ये त्याने ते भिंगाखाली धरले, तर त्यात जंतूंची जत्राच भरलेली! त्यांत शिरका मिसळला की ते मरत. पण शिरक्याने चूळ भरून पाहिली, तेव्हा थराच्या आतले जंतू जिवंतच राहिले. शिरका वरवरच्यांनाच मारतो, आत पोचत नाही, हे त्याने ओळखले. अशा थराला आज बायोफिल्म म्हणतात.

१७२३ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्याचे निधन झाले. अखेरपर्यंत त्याचे निरीक्षण आणि पत्रलेखन चालू होते.

हे सारे मला का सांगावेसे वाटले? गेल्या हंगामात ऊसतोडीत माझ्या चुलत्यांच्या पायाला कोयता लागला. त्यांना साखरेचा आजार. मेडिकलमधून आणलेले मलम आम्ही तीन महिने वरून लावत राहिलो. जखम वरून सुके आणि आतून चिघळे. शेवटी डॉक्टरांनी ती खरवडून साफ केली. तपासणीत जीवाणू आणि बुरशी दोन्ही निघाले. एकाच औषधाने भागणार नव्हते, म्हणून दोघांवरची औषधे सोबतच दिली.

अशा थरात जीवाणू आणि बुरशी एकमेकांना आसरा देतात. कॅन्डिडा बुरशीच्या थरात दडलेल्या स्टॅफिलोकोकस जीवाणूवर व्हँकोमायसिनसारखे जालीम औषधही कमी चालते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्यामुळे नुसते औषध बदलून उपयोग नसतो. आधी थर मोडायचा, मग दोन्ही शत्रूंवर एकदम चाल करायची. थर विरघळवणाऱ्या विकरांवरही आज संशोधन चालू आहे. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, आणि पुढे तेथेच डॉ. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले. एक जीवाणूंसाठी, दुसरे बुरशीसाठी. पण जखमेत दोघे एकत्र असले, तर उपायही एकत्रच हवेत.

चुलत्यांचा पाय वाचला, दोन बोटे गेली. औषध वरच्या वर राहते आणि आतले जंतू जगतात, हे एका कापड दुकानदाराने तीनशे चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. आमच्या घरात ते कोणाला ठाऊक नव्हते. कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. आता हे घरी आणि फडावर सांगणे माझ्याकडे आले.

— द्वितीय वर्ष, कला