मायकेल फॅरडे : पाऱ्यात फिरलेली तार

विद्युत्प्रवाहाने फिरणारी यंत्रे आज घरोघरी आहेत. परंतु ते फिरणे प्रथम घडविणारा मनुष्य एका गरीब लोहाराचा मुलगा होता, याचा आम्हांस सहसा विसर पडतो. मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील आजारी, घरी दारिद्र्य, शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले आणि बांधणीस आलेले ग्रंथ वाचू लागले. १८१२ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली व ती स्वहस्ते बांधून डेव्हींकडे पाठविली. मार्च १८१३ मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली.

विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखविले. तार चुंबकास हलविते, तर चुंबकानेही तारेस हलविले पाहिजे. पण कोणत्या दिशेने? हे बल तारेस चुंबकाकडे ओढीत नाही वा दूर लोटीत नाही. ते आडवे लागते, हे फॅरडे यांनी ओळखले. सप्टेंबर १८२१ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या पात्रात चुंबक उभा रोविला व वरून तार अशी सैल टांगली की तिचे टोक पाऱ्यात बुडावे. प्रवाह सुरू होताच तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. विजेच्या मोटारीचे बीज ते हेच.

या यशाबरोबर किटाळही आले. वोलास्टन यांची कल्पना उचलल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. वस्तुतः वोलास्टन यांची अपेक्षा तार स्वतःभोवती फिरावी अशी होती. फॅरडे यांची तार चुंबकाभोवती फिरली. ते स्वतः वोलास्टन यांस भेटले व खुलासा केला. तरीही १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, ते खुद्द गुरू डेव्ही यांच्या विरोधास न जुमानता. गुरूविषयीचा आदर मात्र त्यांनी कधी सोडला नाही. १८३१ मध्ये त्यांनी विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढे त्याच सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या अभ्यासिकेतील पंखा फिरतो, तेव्हा त्या पाऱ्यातील तारेचे स्मरण आम्ही ठेवावे. उच्च गणित न शिकलेल्या त्या बांधणीकाराने आपले अज्ञान लपविले नाही. प्रयोग करून ते दूर केले. वसतिगृहात शिकणाऱ्या आम्हां सर्वांस एवढा वारसा पुरेसा आहे.