पाच पेटारे

आमच्या घरात पुस्तके विकत घेणारा मी पहिलाच. कपाट नाही म्हणून आईने तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी मला दिली. त्यामुळेच की काय, चिनी कवयित्री ली चिंगचाओ हिचे चरित्र वाचताना मी तिच्या काव्यापेक्षा तिच्या पेटाऱ्यांपाशी अधिक रेंगाळलो.

तिचा जन्म १०८४ सालचा, शांतुंग प्रांतात, विद्वानाच्या घरी. ११०१ साली चाओ मिंगचंग याच्याशी विवाह झाला. तो तेव्हा आपल्यासारखाच विद्यार्थी होता! महिन्यातून दोनदा सुट्टी मिळे. तेव्हा कपडे गहाण ठेवून पाचशे नाणी उभी करायची, कायफंगच्या देवळातील बाजारात शिलालेखांचे ठसे आणि थोडी फळे घ्यायची आणि घरी दोघांनी फळे खात ठसे पाहत बसायचे, असा क्रम असे. एकदा एक जुने फुलांचे चित्र विकावयास आले. किंमत दोन लक्ष नाणी! दोन रात्री घरी ठेवून त्यांनी ते परत केले.

पुढे छिंगचौ येथे ग्रंथ, चित्रे, लेख कोरलेली कांस्यपात्रे, शाई उगाळण्याच्या दगडी सहाणा असा मोठा संग्रह जमला. हा केवळ श्रीमंती छंद नव्हता. कोरीव लेख ताडून इतिहासग्रंथांतील चुका शोधायच्या, हा हेतू होता. त्यातून दोन हजार लेखांची नोंद असलेला मिंगचंगचा ग्रंथ सिद्ध झाला.

११२७ साली चिन सैन्याने कायफंग घेतले. पंधरा गाड्या संग्रह दक्षिणेस गेला; छिंगचौत उरलेला जळाला. ११२९ मध्ये निरोप घेताना मिंगचंगने तिला सांगितले, की संकटात आधी सामान टाक, मग कपडे, मग ग्रंथ. पूजापात्रे मात्र प्राणांबरोबर सांभाळ. हे वाचून मला त्याचा रागच आला. त्याच वर्षी तो वारला.

अखेर चित्रे, शाई व सहाणांचे पाच-सात पेटारे उरले. ती ते बिछान्याजवळ ठेवी. शाओशिंग भागात एका रात्री चोरांनी भिंत फोडून पाच नेले.

पतीचा ग्रंथ मात्र तिने राखला आणि संग्रहाची सारी कहाणी त्याच्या शेवटी लिहिली. वस्तू गेल्या, तिचे लिहिणे नऊशे वर्षे टिकले.

मीही एक वही केली आहे : पुस्तकाचे नाव, किंमत, कोठे घेतले. आईला वाचता येत नाही. रविवारी मी तिला ती वाचून दाखवतो.