औषधाच्या दुकानातल्या पोरानं लिहिलेलं गाणं फ्रँक सिनात्रालाही झेपलं नव्हतं

१९३० च्या दशकातलं पिट्सबर्ग. अमेरिकेत महामंदी सुरू होती. होमवूड भागातल्या औषधाच्या दुकानात एक बुटका, चष्मेवाला कृष्णवर्णीय पोरगा कामाला होता. गिऱ्हाइकाला सोडा द्यायचा आणि घरोघर औषधं पोहोचवायची, हे त्याचं काम. एखाद्या घरात पियानो दिसला की गडी तिथंच बसून वाजवायला लागायचा.

या पोराचं नाव बिली स्ट्रेहॉर्न.

जन्म १९१५ चा. वडील दारूच्या आहारी गेलेले, त्यामुळे आई त्याला अधूनमधून नॉर्थ कॅरोलिनात आजीकडे पाठवायची. पियानोची गोडी आजीच्याच घरी लागली. पुढं स्वतःच्या कमाईतून त्यानं एक जुना पियानो घेतला. व्हायचं होतं शास्त्रीय संगीतकार, पण त्या काळी काळ्या माणसाला ते दार जवळजवळ बंदच होतं.

अशात १९३३ च्या सुमारास, सतरा-अठराव्या वर्षी, त्यानं एक प्रेमगीत लिहायला घेतलं. शब्द त्याचे, चालही त्याचीच. पूर्ण व्हायला तीनेक वर्षं गेली. हेच ते ‘लश लाइफ’.

गाण्यातला माणूस दारू, मैफली, माणसं सगळं उपभोगून थकलाय. मध्येच प्रेम येतं, तेही फसतं. गाण्यात पॅरिसचा उल्लेख आहे. लिहिणाऱ्यानं तोवर पॅरिस पाहिलंही नव्हतं!

चाल तर त्याहून अवघड. तेव्हाच्या लोकप्रिय गाण्यांत एकच चाल फिरून फिरून यायची, आपल्याकडे मुखडा येतो तशी. इथं सुरुवातीचा लांबलचक भाग एकदा होतो आणि परत येतच नाही. खालचे कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या सुरानं सरकत राहतात. गायकाला टेकायला जागाच नाही.

बिलीनं हे गाणं छापलं नाही. मित्रांच्या बैठकीत वाजवायचा, तेवढंच.

डिसेंबर १९३८ मध्ये ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा पिट्सबर्गला आला. बिलीनं त्याला त्याचंच एक गाणं आधी जसंच्या तसं वाजवून दाखवलं, मग स्वतःच्या पद्धतीनं. एलिंग्टननं त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. ऑर्केस्ट्राची ओळख बनलेलं ‘टेक द ए ट्रेन’ बिलीचंच. पण पुढची जवळपास तीस वर्षं त्याचं बरंचसं काम एलिंग्टनच्या नावाखाली झाकलं गेलं. बिली समलिंगी होता आणि त्या काळातही ते लपवत नव्हता. पडद्यामागं राहिल्यानंच त्याला हे मोकळं जगणं शक्य झालं, असं त्याच्या चरित्रकाराचं म्हणणं. ही किंमत मात्र भारीच म्हणायची.

‘लश लाइफ’ मोठ्या मंचावर आलं ते १९४८ मध्ये, कार्नेगी हॉलला. पियानोवर बिली, गायला के डेव्हिस. पुढच्याच वर्षी नॅट किंग कोलची रेकॉर्ड निघाली. गाणं गाजलं, पण बिलीला ती आवृत्ती रुचली नाही. १९५८ मध्ये सिनात्रानं प्रयत्न केला, अडखळला आणि रेकॉर्डिंग अर्ध्यावर सोडलं. १९६३ मध्ये जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांनी ते असं केलं, की आजही बहुतेक लोक तेच ऐकतात.

त्याच वर्षी एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रासोबत बिली भारतात आला. इथल्या एका पक्ष्याच्या आवाजावरून ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ ही रचना झाली.

त्यानंतर अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात असतानाही तो लिहीत होता. ‘ब्लड काउंट’ ही त्याची अखेरची रचना. ३१ मे १९६७ रोजी, ५१ व्या वर्षी तो गेला.

काही महिन्यांनी एलिंग्टननं फक्त बिलीच्या रचनांचा अल्बम केला. रेकॉर्डिंग संपलं, वादक वाद्यं आवरायला लागले. एलिंग्टन पियानोवरून उठला नाही. बिलीचं ‘लोटस ब्लॉसम’ वाजवत राहिला. टेप चालूच होती. त्या रेकॉर्डवर मागं आवराआवरीचे आवाज अजून ऐकू येतात, आणि ते हळूहळू थांबत जातात.