फ्लोचार्टमागचा माणूस : जॉन फॉन नॉयमन

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी फ्लोचार्ट काढले. बहुतेक जर्नलांत आधी प्रोग्रॅम आणि मग, सबमिशनच्या आदल्या रात्री, त्यावरून बेतलेला फ्लोचार्ट! पुढे लॅबव्ह्यू आलं. तिथे तर चित्र हाच प्रोग्रॅम. टाईप काही करायचं नाही, ब्लॉक ठेवायचे आणि वायरी जोडायच्या. प्रोग्रॅम चित्रात मांडायची सुरुवात कोणी केली, हे शोधताना मी जॉन फॉन नॉयमनपाशी पोचले. मी इंग्लिश मिडीयमची, तेव्हा भाषेची गडबड सांभाळून घ्या.

त्याचा जन्म २८ डिसेंबर १९०३ चा, हंगेरीत बुडापेस्टचा. वडील बँकेतले. पोराला गणिताचं वेड, पण गणितात पैसा कुठे, म्हणून त्याला केमिकल इंजिनिअरिंगला घातलं. (ओळखीचं वाटतंय ना?) त्याने दोन्ही केलं. १९२६ पर्यंत झुरिकची इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टची गणितातली डॉक्टरेट, दोन्ही त्याच्या हातात होत्या. वय अवघं बावीस!

१९३० मध्ये तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बसाठी त्याने गणितं केली. हा भाग लपवण्यात अर्थ नाही, कारण त्या अवाढव्य आकडेमोडीमुळेच त्याला वेगवान यंत्र हवं होतं. १९४४ मध्ये अॅबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर त्याला हर्मन गोल्डस्टाईन भेटला आणि एनियाकची बातमी कळली. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूबचं ते यंत्र होतं. पण नवं गणित घालायचं तर केबली आणि स्विच बदलण्यात कित्येक दिवस जायचे. १९४५ च्या एका रिपोर्टमध्ये त्याने पर्याय मांडला : प्रोग्रॅमसुद्धा डेटासारखा मेमरीतच ठेवायचा. रिपोर्टवर नाव फक्त त्याचं आलं, आणि त्या कामात असलेले एकर्ट आणि मॉकली यांना ते खटकलं. त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

आता आपल्या विषयाचा भाग. १९४७ मध्ये त्याने आणि गोल्डस्टाईनने प्रोग्रॅम कसा आखावा यावर एक रिपोर्ट लिहिला. त्यात फ्लो डायग्रॅम होते. कृतीची चौकट होती, निर्णयाची होती आणि आणखी एक होती, जी आपल्या फ्लोचार्टमध्ये कुठेच सापडत नाही. त्या चौकटीत कॉम्प्युटर काहीच करत नाही. इथे पोचेपर्यंत काय खरं असलंच पाहिजे, एवढंच तिच्यात लिहायचं. ती चौकट माणसासाठी होती. १९४८ मध्ये त्याची बायको क्लारा हिने अशाच मोठ्या डायग्रॅमवरून एनियाकसाठी अणुसंशोधनाच्या गणिताचा कोड लिहिला. गणितातलं उच्च शिक्षण नसताना ती हे काम शिकली होती!

पुढे जगाने बाण आणि चौकटी उचलल्या आणि ती एक चौकट मागे टाकली. १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइडने फ्लोचार्टच्या बाणांवर अशीच विधानं लिहून प्रोग्रॅम बरोबर असल्याचं सिद्ध करायची पद्धत दिली.

प्रिन्स्टनचं स्वतःचं यंत्र पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला चालू झालं. त्याचं डिझाईन कुलुपात न ठेवता सगळ्यांना दिलं गेलं. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालेला टिफ्रॅक हाही मेमरीत प्रोग्रॅम ठेवणाऱ्या यंत्रांच्याच घराण्यातला. ८ फेब्रुवारी १९५७ ला कॅन्सरने फॉन नॉयमन गेला, फक्त ५३ व्या वर्षी.

लॅबव्ह्यू त्याच्या पुढे गेलंय. त्याच्या यंत्रात एका सूचनेनंतर दुसरी चालते. लॅबव्ह्यूत मात्र ज्या ब्लॉकचे सगळे इनपुट आले तो ब्लॉक चालतो. पण म्हणून शिस्तीची गरज संपत नाही. लास्ट इयरच्या एका ग्रुपचा प्रोजेक्ट मी पाहिला. स्क्रीनभर वायरींचा नुसता गुंता! सेन्सरचं रीडिंग व्होल्टमध्ये येतंय की डिग्रीमध्ये, हे ग्रुपमधल्या कोणालाच सांगता येईना. चित्र दिसलं म्हणजे समजलं, असं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. डायग्रॅम एका स्क्रीनमध्ये मावेल इतपत ठेवा, बाकीचं सब-व्हीआयमध्ये टाका. प्रत्येक सब-व्हीआयसाठी एक छोटी टेस्ट ठेवा. एरर वायर लोंबकळत सोडू नका. व्हीआयची फाईल साध्या टेक्स्टची नसते, त्यामुळे दोन व्हर्जनमधला फरक बघायला लॅबव्ह्यूचंच कंपेअर टूल शिकून घ्या. आणि प्रत्येक महत्त्वाच्या वायरीपाशी एक कमेंट टाका : इथे काय खरं असलं पाहिजे. त्यासाठी वेगळं टूल लागत नाही, पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं व्हायवाच्या आदल्या रात्री नका शोधू, पहिली वायर जोडतानाच काढा.