विश्लेषण : रुंद पडद्यावर एकटा माणूस… गुरुदत्त यांनी सिनेमाची चौकट कशी वापरली?

मोबाइलवर सिनेमा पाहताना वर-खाली किंवा डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसतात. दोन बोटांनी चित्र ताणून त्या घालवण्याची सवय अनेकांना असते. पण त्या पट्ट्यांमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. पडदा किती रुंद आणि किती उंच यावर दिग्दर्शकाने माणसाला कुठे उभे करायचे, चेहरा किती जवळून दाखवायचा आणि रिकामी जागा किती सोडायची, हे ठरत आले आहे. भारतात या प्रश्नाशी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी किंमत मोजून झुंजलेला दिग्दर्शक म्हणजे गुरुदत्त. ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ या त्यांच्या दोन सिनेमांमध्ये दोनच वर्षांचे अंतर आहे, पण दोघांच्या पडद्याचा आकार पूर्णपणे वेगळा आहे.

गुरुदत्त पडद्यापर्यंत कसे पोहोचले?

गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बेंगळूरुत, कोंकणी बोलणाऱ्या पदुकोण कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव वसंतकुमार. बालपण कोलकात्यात गेले. १९४२ मध्ये ते अल्मोड्याला उदय शंकर यांच्या नृत्यकेंद्रात दाखल झाले. नृत्यात रंगमंचाची प्रत्येक बाजू मोजावी लागते. कोण कुठून येणार, कुठे थांबणार, किती जागा मोकळी राहणार, हे आधी ठरलेले असते. गुरुदत्त यांच्या सिनेमातील हालचालींवर या शिक्षणाची छाप कायम राहिली.

दोन वर्षांत ते केंद्र बंद पडले. काही काळ कोलकात्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आले. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तोच हा प्रभातचा परिसर. विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लाखारानी’ (१९४५) या चित्रपटासाठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले आणि छोटी भूमिकाही केली. ‘हम एक हैं’ (१९४६) या चित्रपटाची नृत्ये त्यांनी बसवली. याच चित्रपटातून देव आनंद पडद्यावर आले. परिटाकडे कपड्यांची अदलाबदल होऊन या दोघांची ओळख झाली, असे सांगितले जाते. एकाला संधी मिळाली तर त्याने दुसऱ्याला सोबत घ्यायचे, असे त्यांचे ठरले होते. देव आनंद यांनी शब्द पाळला. त्यांच्या नवकेतन संस्थेसाठी गुरुदत्त यांनी १९५१ मध्ये ‘बाजी’ दिग्दर्शित केला.

‘बाजी’च्या सेटवर व्ही. के. मूर्ती हे साहाय्यक छायाचित्रकार होते. एक अवघड शॉट त्यांनी जमवून दाखवला आणि पुढच्या ‘जाल’पासून (१९५२) ते गुरुदत्त यांचे छायाचित्रकार झाले. ‘आर पार’ (१९५४) आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) हे हलकेफुलके सिनेमे चालले. याच काळात, १९५३ मध्ये, गायिका गीता रॉय यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तेव्हा पडद्याचा आकार कसा होता?

जगभरातला पडदा तेव्हा जवळजवळ चौकोनी होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली आणि कडेच्या चार छिद्रांएवढ्या उंचीचे एकेक चित्र ठरवले. त्यातून रुंदी चार भाग आणि उंची तीन भाग अशी चौकट तयार झाली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला, तोही याच चौकटीत. बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली आणि चित्राची जागा कमी झाली. मग १९३२ मध्ये हॉलीवूडने १.३७ : १ हे प्रमाण पक्के केले. म्हणजे पडदा एक मीटर उंच असेल तर १.३७ मीटर रुंद.

ही चौकट माणसाला सोयीची होती. उभा माणूस, दार, खिडकी, जिना, चेहरा हे सारे तिच्यात नीट बसते. चेहरा जवळून दाखवला की बाजूला फारशी जागा उरत नाही, त्यामुळे प्रेक्षकाची नजर दुसरीकडे जात नाही.

‘प्यासा’मध्ये ही चौकट कशी वापरली?

१९५७ च्या ‘प्यासा’त गुरुदत्त यांनी या चौकटीतून मिळेल तेवढे काढून घेतले. कवी विजय मेला असे समजून त्याच्या स्मृतीसाठी सभागृहात समारंभ चालू असतो आणि तोच विजय दारात येऊन उभा राहतो. मागून प्रकाश, दाराच्या दोन्ही बाजूंना पसरलेले हात, चेहरा काळोखात. क्रुसावरच्या ख्रिस्ताची आठवण करून देणारी ही आकृती उभी आहे, दार उभे आहे आणि पडद्याची चौकटही त्यांना साजेशी उंच आहे. तिन्ही आकार एकमेकांत बसल्यामुळे ते दृश्य मनावर कोरले जाते.

‘प्यासा’ चांगला चालला. वहिदा रहमान, मूर्ती, संगीतकार सचिनदेव बर्मन आणि लेखक अब्रार अल्वी अशी मंडळी जमली होती. त्याच वाटेवरून आणखी एक सिनेमा काढणे सोपे होते. गुरुदत्त यांनी मात्र पडद्याचा आकारच बदलला.

सिनेमास्कोप म्हणजे काय?

१९५० च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरांची गर्दी ओसरू लागली. टीव्हीचा पडदाही चार बाय तीनचाच होता. घरी मिळत नाही असे काहीतरी थिएटरात द्यायला हवे, म्हणून हॉलीवूडने पडदा रुंद केला. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियाँ यांनी १९२० च्या दशकात तयार केलेली एक भिंग-पद्धत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने घेतली. कॅमेऱ्यावरचे भिंग रुंद दृश्य आडवे दाबून नेहमीच्याच फिल्मवर बसवते. फिल्म हातात धरून पाहिली तर माणसे बारीक आणि उंच दिसतात. थिएटरात प्रोजेक्टरवरचे भिंग तेच चित्र पुन्हा दुप्पट रुंद करते. १९५३ मध्ये ‘द रोब’ हा या पद्धतीचा पहिला सिनेमा झळकला. पुढे २.३५ : १ हे प्रमाण रूढ झाले. म्हणजे पडदा उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद.

सैन्य, रथ, वाळवंट, समुद्र दाखवायला हा पडदा उत्तम. माणसाचा चेहरा दाखवायला मात्र अवघड. सुरुवातीच्या भिंगांमधून जवळून घेतलेला चेहरा फुगलेला दिसे. छायाचित्रकार त्याला गालगुंडे झाली, असेच म्हणत. शिवाय चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या जागेचे काय करायचे, हाही प्रश्न होता.

एकाकी माणसाच्या गोष्टीला रुंद पडदा कशाला?

फॉक्सची काही भिंगे मुंबईत असल्याचे गुरुदत्त यांना कळले. मूर्तींसोबत चाचण्या घेऊन त्यांनी ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये करायचे ठरवले. १९५९ मध्ये आलेला हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात ना लढाई आहे, ना राजवाडा. सुरेश सिन्हा हा नामवंत दिग्दर्शक पत्नीपासून दुरावतो, मुलीचा ताबा गमावतो, जिला नायिका म्हणून घडवले त्या शांतीशी त्याचे नाव जोडले जाते, तीही दूर जाते आणि अखेरीस तो दारू आणि दारिद्र्यात बुडतो. रिकाम्या स्टुडिओत, दिग्दर्शकाच्या खुर्चीत त्याचा अंत होतो.

गर्दीसाठी बनवलेला पडदा गुरुदत्त यांनी एकटेपणासाठी वापरला. झाडीपट्टीतील नाटक पाहिलेल्यांना ही युक्ती लवकर उमजेल. गोंदिया जिल्ह्यातील कामठा ज्या पूर्व विदर्भात येते, तिथे सुगीनंतर रात्रभर नाटके रंगतात. आडव्या मंचाच्या एका टोकाला नट एकटा उभा राहिला, की उरलेला रिकामा मंचही बोलू लागतो. त्याच्या आणि दुसऱ्या टोकाच्या माणसामधले अंतर प्रेक्षक डोळ्यांनी मोजतो. चौकोनी पडद्यावर हे अंतर दाखवायचे तर कॅमेरा मागे न्यावा लागतो आणि माणसे लहान होतात. रुंद पडद्यावर माणसे मोठीच राहतात आणि अंतरही दिसते.

गीता दत्त यांनी गायलेल्या गाण्याचे प्रसिद्ध दृश्य याच तत्त्वावर उभे आहे. ओसाड स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक झोत उतरतो. सुरेश आणि शांती त्या काळोखात एकमेकांपासून दूर उभे आहेत. हा झोत दिव्यांचा नव्हता. मूर्तींनी दोन मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन स्टुडिओत आणले होते आणि हवेतल्या धुळीमुळे तो झोत ठळक दिसला. कला दिग्दर्शन मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर यांचे होते. रुंद पडद्याच्या कडा रिकाम्या वाटू नयेत आणि तरीही भरून जाऊ नयेत, ही कसरत त्यांना करायची होती. मूर्ती आणि आचरेकर या दोघांनाही या कामासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले.

मग सिनेमा का पडला?

पडद्यावर इतके नवे असूनही प्रेक्षकांनी ‘कागज के फूल’ नाकारला. त्याचे खापर केवळ आकारावर फोडता येणार नाही. गोष्ट खिन्न होती, नायक हरणारा होता आणि यशस्वी दिग्दर्शकाचे दुःख सामान्य प्रेक्षकाला आपले वाटले नाही. पण आकाराचाही वाटा होता. सिनेमास्कोप दाखवायला थिएटरात खास भिंग आणि रुंद पडदा लागतो. लहान शहरांतील थिएटरांना हा खर्च झेपणारा नव्हता. शिवाय रुंद पडदा म्हटल्यावर प्रेक्षक भव्यतेची अपेक्षा घेऊन येत असे आणि इथे त्याच्या वाट्याला शांतता येत होती.

या अपयशाने गुरुदत्त खचले. त्यानंतर त्यांनी एकाही सिनेमावर दिग्दर्शक म्हणून आपले नाव लावले नाही. निर्माता आणि नट म्हणून ते काम करत राहिले. १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’ एम. सादिक यांनी दिग्दर्शित केला आणि तो जोरात चालला. १९६२ चा ‘साहिब बीबी और गुलाम’ अब्रार अल्वींच्या नावावर आहे. तो पुन्हा जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत होता. हवेलीत कोंडलेल्या छोटी बहूच्या गोष्टीला ती चौकट शोभलीही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईत गुरुदत्त यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३९ वर्षांचे होते.

पुढे रुंद पडद्याचे काय झाले?

गुरुदत्त यांच्यानंतर हिंदी सिनेमाने रुंद पडदा स्वीकारला, पण मूळ अमेरिकी हेतूने. राज कपूर यांची भूमिका असलेला ‘अराउंड द वर्ल्ड’ (१९६७) ७० मिलिमीटरमध्ये आला. १९७५ च्या ‘शोले’ने ७० मिलिमीटरचा पडदा घोड्यांनी, डोंगरांनी आणि रेल्वेने भरून टाकला. रुंद म्हणजे भव्य, हे समीकरण पक्के झाले.

‘कागज के फूल’ला मात्र प्रेक्षक उशिरा मिळाले. १९८० च्या दशकात गुरुदत्त यांचे सिनेमे युरोपात नव्याने दाखवले गेले आणि हा चित्रपट अभ्यासाचा विषय झाला. व्ही. के. मूर्ती यांना २००८ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार.

मधल्या काळात आणखी एक संकट आले, ते टीव्हीचे. चार बाय तीनच्या टीव्हीवर रुंद सिनेमा पूर्ण उंचीने दाखवायचा तर त्याच्या दोन्ही कडा कापाव्या लागत. २.३५ : १ च्या चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग त्यात जातो. दोन टोकांना उभी असलेली दोन माणसे असतील तर एक गायब होतो आणि ज्या अंतरासाठी तो शॉट घेतला, ते अंतरच नाहीसे होते.

मोबाइलवर हे सिनेमे कसे पाहावेत?

आजच्या अनेक मोबाइलचा पडदा २० : ९ प्रमाणाचा असतो. तो उभा धरला तर ‘कागज के फूल’चे रुंद चित्र पडद्याच्या जेमतेम एकपंचमांश भागात मावते. तोच मोबाइल आडवा केला की प्रमाण सुमारे २.२२ : १ होते. सिनेमास्कोपच्या अगदी जवळ. म्हणजे ज्या आकारासाठी १९५९ मध्ये थिएटरांना नवा पडदा आणि नवे भिंग लागत होते, तो आकार आज कामठ्यापासून मुंबईपर्यंत प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त मूळ रुंद चौकटीची प्रत निवडायची आणि मनगट वळवायचे.

‘प्यासा’चे उलट आहे. आडव्या मोबाइलवर तो मधल्या सुमारे साठ टक्के भागात दिसतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या घालवण्यासाठी चित्र ताणले तर वरचा आणि खालचा मिळून एकतृतीयांशाहून अधिक भाग कापला जातो. दारात हात पसरून उभ्या असलेल्या विजयचे दार मग दार राहत नाही. दोन्ही सिनेमांत जी जागा मोकळी दिसते, ती गुरुदत्त यांनी मोजूनमापून ठेवलेली आहे. काळ्या पट्ट्या तशाच राहू दिल्या, तर ती पूर्ण दिसते.